छाती उघडलीच आहे, म्हणून?

बायपाससाठी छाती उघडलीच आहे, तर जाता जाता डाव्या कर्णिकेचं अपेंडेजही बंद करून टाकावं, हा आग्रह गेल्या काही वर्षांत हृदयशल्यचिकित्सेत जोर धरू लागला आहे. अपेंडेज म्हणजे डाव्या कर्णिकेला बाजूने जोडलेली, बोटाएवढी पिशवी. या आग्रहामागचा युक्तिवाद ऐकताना बिनतोड वाटतो. बायपास झालेल्या दर तीन-चार रुग्णांपैकी एकाला पहिल्या आठवड्यात, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, एट्रियल फिब्रिलेशन होतं. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचं नाव 'एएफ'. एएफमध्ये कर्णिका नीट आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरत राहतात. रक्त अपेंडेजच्या कोपऱ्यात साचतं, तिथे गुठळी धरते, ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली नसेल, तर एएफच्या रुग्णांत कर्णिकेतल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या याच पिशवीत सापडतात. मग ती पिशवी सगळ्यांचीच का बंद करू नये? काम काही मिनिटांचं आहे आणि रुग्ण भुलेखाली आहेच. या साखळीतली प्रत्येक कडी सुटी घेतली तर खरी आहे. तरीही ज्याला आधी कधी एएफ झालेलंच नाही, अशा बायपासच्या रुग्णाचं अपेंडेज बंद करण्यासाठी आज पुरेसा आधार नाही, आणि सोय म्हणून ते करणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे.

या आग्रहाचा मुख्य आधार म्हणजे २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेली लाओस-३ ही चाचणी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. रिचर्ड व्हिटलॉक यांच्या नेतृत्वाखाली २७ देशांतल्या १०५ केंद्रांमध्ये ती झाली. दुसऱ्या कारणासाठी हृदयाची शस्त्रक्रिया होणारे ४७७० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाचं अपेंडेज बंद केलं, दुसऱ्याचं तसंच ठेवलं. सरासरी ३.८ वर्षांच्या पाठपुराव्यात स्ट्रोक किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४.८ टक्के, तर दुसऱ्यात ७.० टक्के निघालं. म्हणजे धोका एक-तृतीयांशाने उतरला. हा निकाल भक्कम आहे आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण चाचणीत कोण होतं ते पाहायला हवं. त्यातल्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेआधीपासून एएफ होतं. सरासरी वय ७१ होतं आणि स्ट्रोकचा धोका मोजण्याच्या नेहमीच्या मापावर ते बरेच वर होते. नुसती बायपास झालेले त्यांत साधारण पाचवा हिस्साच होते. शिवाय तीन वर्षांनंतरही त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जण रक्त पातळ करणारं औषध घेत होते. म्हणजे अपेंडेज बंद करणं इथे औषधाच्या जोडीला आलं होतं. आणखी एक बारकावा माझ्या मते सगळ्यांत बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३० दिवसांत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही, २.२ टक्के आणि २.७ टक्के एवढंच अंतर होतं. फायदा जवळपास सगळा त्यापुढच्या काळातला आहे. ज्यांच्या हृदयात एएफ मुक्कामाला असतं, त्यांना वर्षानुवर्षं धोका असतो आणि तो अपेंडेज बंद केल्याने कमी होतो, एवढं या चाचणीने सिद्ध केलं. बायपासनंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा उठणाऱ्या एएफबद्दल तिने काहीही विचारलेलं नाही, त्यामुळे त्याचं उत्तरही तिच्याकडे नाही.

आणि हे दुसरं एएफ जातीनेच वेगळं आहे. शस्त्रक्रियेने शरीरात दाह उसळतो, अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं वाढतात, हृदयावरणात साचलेलं रक्त कर्णिकेच्या भिंतीला चिडवतं, सलाइनच्या चढ-उताराने कर्णिका ताणल्या जातात आणि कित्येकदा हृदयगती मंदावणारं आधीचं बीटा ब्लॉकर याच काळात थांबलेलं असतं. वय झालेल्या, थोड्या जाड आणि चरे पडलेल्या कर्णिकेला एवढं निमित्त पुरतं. निमित्त सरलं की बहुतेकांत एएफही सरतं. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर एएफ झालेल्या ५२३ रुग्णांपैकी काहींची फक्त हृदयगती आटोक्यात ठेवली, तर काहींचा ताल औषधांनी पूर्ववत करण्याचा प्रयत्न केला. दोन महिन्यांनी दोन्ही गटांतले ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण स्थिर तालात होते. त्याहून नेमकं चित्र जर्मनीतल्या अलीकडच्या अभ्यासाने दिलं. तिथे १९८ बायपास रुग्णांच्या त्वचेखाली हृदयाचा ताल सतत नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं. वर्षभरात ४८ टक्क्यांना कधी ना कधी एएफ झालं. हा आकडा ऐकून अपेंडेजचे कैवारी म्हणतील, पाहा, आम्ही सांगत होतो त्यापेक्षाही जास्त. पण त्याच नोंदींनुसार वर्षभरातला एएफचा एकूण काळ मध्यकानुसार सुमारे ३७० मिनिटं होता आणि त्यातला बहुतांश पहिल्या आठवड्यातच संपला होता. पहिल्या महिन्यानंतर तो जवळजवळ शून्यावर आला. वर्षाकाठी सहा तासांच्या या तालबिघाडाला वर्षानुवर्षांच्या एएफचं माप लावणं म्हणजे पहिल्या वळवाच्या सरीवरून पुराचा अंदाज बांधणं.

धोक्याचा हिशेबही मांडून पाहावा. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नव्याने एएफ झालेल्यांत घरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात स्ट्रोकचं प्रमाण ०.९९ टक्के होतं, एएफ न झालेल्यांत ०.८३ टक्के. फरक ०.१६ टक्क्यांचा. हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांनंतर एएफ झालेल्यांत हीच दरी बरीच रुंद होती, १.४७ विरुद्ध ०.३६. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदयालाच हात लागलेला असतो, त्यामुळे तिथलं एएफ हे बहुधा त्या दुखापतीचं चिन्ह असतं. पोटाच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर उठलेलं एएफ मात्र आधीपासून दडून बसलेल्या आजाराकडे बोट दाखवतं, असा याचा अर्थ लावता येतो. आता हजार बायपास घ्या. त्यांपैकी तीनशे जणांना एएफ झालं असं धरलं, तरी या फरकाने पहिल्या वर्षात वाढणारे स्ट्रोक एक धड भरत नाहीत, अर्ध्याच्या आसपास राहतात. तो अर्धा टाळण्यासाठी हजार जणांच्या हृदयावर जादा टाके किंवा क्लिप आणि त्यातले सातशे तर असे, ज्यांना एएफ झालंच नाही. मेंदूचा झटका हा माणसाचं बोलणं, चालणं, हात उचलणं हिरावून घेतो, त्यामुळे एकही स्ट्रोक क्षुल्लक नाही हे मान्यच. म्हणूनच तर मेहनत कुठे लावायची हे आकड्यांवरून ठरवायचं.

'बंद केल्याने बिघडतं तरी काय?' हा प्रश्न यानंतर हमखास येतो. बिघडू शकतं. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या २००८ सालच्या अभ्यासात अपेंडेज बंद केलेल्या १३७ रुग्णांची अन्ननलिकेतून इको तपासणी केली, तेव्हा फक्त ४० टक्क्यांचं अपेंडेज पूर्ण बंद झालेलं आढळलं. आतून टाके घालून बंद केलेल्यांत यश चौथ्या हिश्शाच्याही खाली होतं. कापून काढलेल्यांत ते ७३ टक्के होतं. अर्धवट बंद राहिलेल्या पिशव्यांपैकी ४१ टक्क्यांत गुठळी सापडली. म्हणजे रुंद तोंडाच्या पिशवीचं तोंड अरुंद केलं आणि रक्त आणखीच साचू दिलं. नव्या क्लिपने हे काम पुष्कळ चोख होतं, हे खरं. पण ती महाग आहे, आणि जिथे ती परवडत नाही तिथे जाता जाता घातलेले टाके हाच मार्ग उरतो. मेयो क्लिनिकने २०१७ साली आपल्या जुन्या नोंदी तपासल्या. अपेंडेज बंद केलेल्या ४६१ रुग्णांची तेवढ्याच मिळत्याजुळत्या रुग्णांशी तुलना केली, तर बंद केलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरचं एएफ ६८.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१.९ टक्के निघालं. स्ट्रोक कमी झाला नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ७५,७८२ रुग्णांच्या विमा नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. आधीपासून एएफ असलेल्यांना त्यात फायदा दिसला. एएफ नसलेल्यांत स्ट्रोकमध्ये ठोस घट नव्हती, उलट पुढे एएफ होण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यांत कोणाचं अपेंडेज बंद करायचं हे सर्जनने ठरवलेलं असतं आणि जास्त धोक्याचे रुग्ण एका बाजूला गोळा होतात. त्यामुळे 'बंद केल्यानेच एएफ वाढलं' असं मी म्हणणार नाही. लाओस-३मध्ये हृदय निकामी होऊन दाखल व्हायचं प्रमाण वाढलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. मात्र 'बिघडत काहीच नाही' हे विधान या नोंदींसमोर टिकत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. बायपास होणारा माणूस साठीचा असतो, तो पुढे पंधरा-वीस वर्षं जगतो, त्या काळात अनेकांना खरंखुरं, टिकणारं एएफ होतं. तेव्हा छाती पुन्हा कोण उघडणार? आज बंद केलेलं अपेंडेज त्या वेळी कामी येईल. हा विचार उथळ नाही, तो खोटा ठरवण्याइतका पुरावाही माझ्या हाती नाही. तो तपासण्यासाठीच लीप्स ही चाचणी आखली आहे. एएफ नसलेले पण धोका जास्त असलेले साडेसहा हजार रुग्ण, निम्म्यांच्या अपेंडेजला क्लिप आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा. क्लिप बनवणारी कंपनीच तिचा खर्च उचलते आहे. याचा अर्थ एवढाच की ज्यांचा यात सर्वाधिक फायदा आहे, त्यांनाही हा प्रश्न सुटलेला वाटत नाही. मग निकालाआधी आपण तो सुटला असं धरून का चालावं?

पटण्याजोग्या तर्काची या विषयात काय गत होते, याचा इतिहास हाताशी आहे. कोलेस्टेरॉलचं औषध स्टॅटिन दाह कमी करतं, बायपासनंतरचं एएफ दाहातून येतं, तेव्हा स्टॅटिनने एएफ रोखता येईल, असा तर्क होता. २००६ साली इटलीतल्या २०० रुग्णांच्या चाचणीत एएफ ५७ टक्क्यांवरून ३५वर आल्याचं दिसलं आणि कल्पना झपाट्याने पसरली. दहा वर्षांनी चीनमध्ये १९२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिन घेतलेल्यांत २१.१ टक्के आणि न घेतलेल्यांत २०.५ टक्के एएफ झालं. वर मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण औषधाच्या गटात जास्त निघालं. माशाच्या तेलाची १५१६ रुग्णांवर चाचणी झाली, ३०.० विरुद्ध ३०.७. साडेसात हजार रुग्णांवर स्टिरॉइड वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही. पोटॅशियमची गोष्ट तर अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असते. एएफ टळावं म्हणून रक्तातलं पोटॅशियम ४.५च्या वर ठेवायचं आणि त्यासाठी शिरेतून पुन्हा पुन्हा पोटॅशियम द्यायचं. हा दंडक जगभर दशकानुदशकं पाळला गेला. ब्रिटन आणि जर्मनीत १६९० बायपास रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२४ साली आला. ४.५ची मर्यादा पाळलेल्यांत एएफ २६.२ टक्के, ३.६पर्यंत उतरू दिलेल्यांत २७.८ टक्के. म्हणजे पोटॅशियमच्या बाटल्या चढवत राहिल्याने एएफ टळत नव्हतं. या सगळ्या कल्पना अपेंडेजच्या कल्पनेइतक्याच सुसंगत होत्या.

शिवाय अपेंडेजवर सगळं लक्ष केंद्रित झालं की स्ट्रोकचा दुसरा, तेवढाच मोठा उगम नजरेआड होतो. बायपासनंतरचे स्ट्रोक सर्वसाधारणपणे शंभरात एक-दोन. त्यांपैकी जवळपास निम्मे स्ट्रोक, रुग्ण भुलेतून जागा होतो तेव्हाच दिसतात, म्हणजे एएफ सुरू होण्याच्याही आधीचे. त्यांचं मुख्य कारण महाधमनी आहे. तिच्या भिंतीवर साठलेला चुनखडीसारखा कठीण थर क्लॅम्प लावताना, नळी घालताना किंवा शिरेचं टोक जोडण्यासाठी भोक पाडताना सुटतो आणि मेंदूकडे वाहतो. हा थर बोटांनी चाचपून पुरेसा कळत नाही. महाधमनीवर थेट सोनोग्राफीचा प्रोब ठेवून तो पाहता येतो आणि हात लावण्याची जागा बदलता येते. त्याहून पुढे जाऊन छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या वापरून महाधमनीला स्पर्शच टाळता येतो. २०१७ सालच्या, ३७ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात महाधमनीला न शिवता धडधडत्या हृदयावर केलेल्या बायपासमध्ये पंपावरच्या, म्हणजे हृदय थांबवून यंत्राच्या आधाराने केलेल्या बायपासच्या तुलनेत स्ट्रोकचं प्रमाण ७८ टक्क्यांनी कमी होतं. आपल्या देशात धडधडत्या हृदयावरची बायपास पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होते. मुंबई-पुण्यातल्या सर्जनांचा त्यात हात बसलेला आहे. पण पंप टाळला म्हणजे स्ट्रोक टळला असं आपोआप होत नाही. कोरोनरी या ४७५२ रुग्णांच्या चाचणीत पंपावर आणि पंपाविना ३० दिवसांतले स्ट्रोक जवळपास सारखेच निघाले. पंप नसला तरी शिरेचं टोक जोडताना महाधमनीवर बहुतेकदा बाजूने क्लॅम्प लागतो, हे त्याचं एक उघड कारण. स्ट्रोक रोखण्याची कळकळ असेल, तर सगळ्यांत आधी इथे पाहायला हवं.

एएफ रोखायचं असेल, तर त्याचेही पारखलेले उपाय आहेत. शस्त्रक्रियेआधीचं बीटा ब्लॉकर थांबू न देणं हा त्यातला सर्वांत स्वस्त. जास्त धोक्याच्या रुग्णाला अॅमिओडॅरोन. कॅनडातल्या ६०१ रुग्णांच्या चाचणीत हे ताल सांभाळणारं औषध शस्त्रक्रियेच्या सहा दिवस आधीपासून सहा दिवस नंतरपर्यंत दिलं, तेव्हा एएफ २९.५ टक्क्यांवरून १६.१वर आलं. यात हृदयगती फार मंदावण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. तातडीच्या बायपासमध्ये आधीचे सहा दिवस मिळत नाहीत, हे उघड आहे. तिसरा उपाय सर्जनच्या हातातला. हृदयावरणाला मागच्या डाव्या बाजूने काही सेंटिमीटरची चीर दिली, की आत साचलेलं रक्त फुफ्फुसाच्या पोकळीत उतरतं आणि कर्णिकेला चिडवत बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये डॉ. मारिओ गाउदिनो यांच्या गटाने ४२० रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत चीर दिलेल्यांत एएफ १७ टक्के, न दिलेल्यांत ३२ टक्के झालं. हृदयाभोवती पाणी साचण्याचं प्रमाणही कमी निघालं. इथे कोणी मला अडवेल की ही चीरही छाती उघडलीच आहे म्हणून दिलेली आहे, मग अपेंडेजनेच काय घोडं मारलंय? फरक पुराव्यात आहे. ही चीर आधी एएफ नसलेल्या रुग्णांवरच पारखली गेली आणि एएफ रोखण्याचा तिचा दावा त्याच मोजमापावर खरा उतरला. चाचणी एकाच केंद्रातली होती, आणि तिने स्ट्रोक कमी होतो असं दाखवलेलं नाही. म्हणून तसा दावाही मी करत नाही. अपेंडेजच्या बाजूनेही मी एवढीच शिस्त मागतो आहे.

ही शिस्त रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनाही लागू होते. बायपासनंतर दोन दिवस एएफ राहिलं म्हणून अॅसिट्रॉम किंवा नव्या पिढीतलं औषध आयुष्यभर चालू ठेवणं हे याच विचारपद्धतीचं दुसरं टोक. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींतल्या सुमारे साडेचोवीस हजार बायपास रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या एएफसाठी लगेच अशी औषधं सुरू केल्याने गुठळीचा धोका कमी झालेला आढळला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. बायपासच्या रुग्णाला अॅस्पिरिन चालूच असतं, त्यावर हे दुसरं औषध चढतं. अमेरिकी हृदयरोग संघटनांची २०२३ सालची मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णाला ६० दिवस औषध देणं रास्त मानतात आणि नंतर ताल तपासून पुन्हा विचार करायला सांगतात. युरोपची २०२४ सालची तत्त्वं जास्त धोक्याच्या रुग्णाला ते दीर्घकाळ देण्याचाही विचार करावा असं म्हणतात. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाही. तोवर ६० दिवसांची मर्यादा सुरक्षित आहे. मात्र औषध कशासाठी सुरू केलं आणि कोणत्या तारखेला त्याचा फेरविचार करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असलं पाहिजे. रक्त किती पातळ झालं हे सांगणारी आयएनआर चाचणी करायला दर महिन्याला तालुक्याला जाणाऱ्या माणसाला ते कधी बंद करायचं हे आपणहून कळणार नाही.

ज्यांना बायपासच्या आधीपासून एएफ आहे आणि स्ट्रोकचा धोका जास्त आहे, त्यांच्याबाबत माझा आग्रह अगदी उलट आहे. त्यांचं अपेंडेज बंद व्हायलाच हवं आणि पूर्ण बंद झालं का, हे शस्त्रक्रियागृहातच इकोवर पाहायला हवं. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या मार्गदर्शक तत्त्वांनी याला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली आहे. असा रुग्ण अपेंडेज तसंच ठेवून घरी गेला, तर तो त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून बायपासच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णाने आणि घरच्यांनी सर्जनला दोन गोष्टी विचाराव्यात: आधी कधी एएफची नोंद आहे का, आणि अपेंडेजचं काय करणार आहात. नोंद असेल तर ते बंद करण्याचा आग्रह धरावा. नोंद नसेल आणि तरीही ते बंद करायचं ठरत असेल, तर कोणत्या पुराव्यावर ते विचारावं. सर्जनांना माझी विनंती एवढीच आहे की लीप्सचा निकाल हाती येईपर्यंत एएफ नसलेल्या रुग्णाचं अपेंडेज चाचणीबाहेर बंद करू नये.